एका फळीवर आम्ही मावणार नाही

पुस्तकांच्या दुकानात आमच्या नावाची एक फळी असते. वर पट्टी चिकटवलेली: 'दलित साहित्य'. कादंबरी वेगळी, रहस्यकथा वेगळी, विज्ञान वेगळं, प्रवासवर्णन वेगळं. आणि आमचं मात्र कविता, कथा, आत्मकथन, अर्थशास्त्र, धम्म सगळं त्या एका फळीवर कोंबलेलं. गावात वस्ती जशी गावकुसाबाहेर, तशी दुकानात ही फळी. ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. तो कवितेच्या फळीवर ठेवला तर कवितेला विटाळ होतो का? बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये छापला. तो अर्थशास्त्रात ठेवायला कुणाच्या बापाचं काय जातं?

हे झालं त्यांचं. आता आपलं बघू. चळवळीतली जुनी माणसं, ज्यांच्या लाठ्या खाण्यावर आम्ही उभे आहोत, तीही आमच्या हातात भुताची कादंबरी बघितली की कपाळाला हात लावतात. "अरे बाबा, एवढं विचारधन पडलंय, ते सोडून हे काय वाचतोस?" त्यांचा जीव तुटतो, मला कळतं. पण दोस्तांनो, निकाल तोच लागतो. प्रस्थापित म्हणतो, तुमची जागा ह्या फळीवर. आपला माणूस म्हणतो, तुझी नजर ह्याच फळीवर. दोघांच्या मध्ये आमचं डोकं चेंगरतं.

माझं म्हणणं सरळ आहे. आम्ही सगळं वाचणार. रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा, प्रेमकथा, रशियन, आफ्रिकन, बटाटेवड्याला गुंडाळलेला कागदसुद्धा. आम्ही सगळे सिनेमे बघणार. ज्याला हजारो वर्षं अक्षराजवळ फिरकू दिलं नाही, त्याला आता कुणी यादी लिहून देऊ नये.

मी साखऱ्याचा. तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला, त्याआधी आम्ही परभणीत. मी आणि माझा जिल्हा जवळजवळ एकाच वयाचे, दोघांचीही अजून वाढ व्हायचीय. आमच्याकडं निवड नावाची भानगडच नव्हती. शेंगदाण्याची पुडी सोडली की कागद सरळ करून वाचायचा. अर्धी बातमी, अर्धी जाहिरात, मधेच कुणाच्या तरी प्रेमकथेचा उरलेला तुकडा. सिनेमा म्हणजे चुलत्याच्या मोबाईलमधलं मेमरी कार्ड. दुकानदार वीस रुपयांत ते भरून द्यायचा. त्यात हिंदीत बोलणारे तेलुगू हिरो, जॅकी चॅन, एक भुताचा सिनेमा, मधेच देवीचा, आणि शेवटी भीमगीतं. त्या कार्डात कुणी कप्पे केले नव्हते. माय म्हणायची, "रातभर काय बघायलास रं? सकाळी कापसाला जायचंय." पण दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना तीच विचारायची, "मंग, त्या भुताचं पुढं काय झालं?"

आणि ग्रंथालय? १९६७ च्या कायद्यानं राज्यात अनुदानावरची हजारो सार्वजनिक ग्रंथालयं उभी राहिली. त्यांना अ, ब, क, ड असे वर्गही लावले. वर्ग आले म्हणजे खालचा कुणाकडं, हे सांगायला नको. आमच्या भागातल्या एका गावाचं नाव घेत नाही. तिथं पाटी रस्त्यावर, कपाट पुढाऱ्याच्या ओसरीवर आणि चावी त्याच्या माजघरात. पुस्तक मागायचं म्हणजे ती ओसरी चढायची. वस्तीतलं पोर ती ओसरी कोणत्या पायांनी चढेल? मग हेच लोक व्यासपीठावरून बोंबलतात की नव्या पिढीला वाचनाची आवड राहिली नाही. आवड आहे साहेब, चावी तुमच्याकडं आहे.

बाबासाहेबांचं नाव घेऊन कुणी आम्हाला एका फळीवर बसवत असेल, तर त्यानं बाबासाहेबांचं कपाट बघावं. शाळेत जाणारा भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. तिथं केळुसकर गुरुजी भेटले आणि नंतर स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्यांनी त्याच्या हातात ठेवलं. पुढं न्यूयॉर्कला गेले तर जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ढिगानं ग्रंथ घेतले. धनंजय कीरांच्या चरित्रात नोंद आहे की टॉलस्टॉयचं चरित्र, व्हिक्टर ह्यूगोची 'ला मिझराब्ल' आणि थॉमस हार्डीची एक कादंबरी, ह्या तीन पुस्तकांनी त्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं. हार्डीची ती गोष्ट इंग्लंडातल्या खेड्यातली, मेंढरं पाळणाऱ्या माणसाच्या प्रेमाची. घटना लिहिणारा माणूस प्रेमकथेनं रडला. उतारवयात व्हायोलिन शिकायला बसला. दादरचं 'राजगृह' बांधलं तेच मुळी पुस्तकांना जागा हवी म्हणून. आता सांगा, विचारधन म्हणजे किती फळ्या?

मी गोदीत काम करतो, म्हणून त्यांची एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. १९१७ साली बाबासाहेब लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून निघाले. स्वतः रेल्वेनं मार्सेय बंदराला आले आणि तिथून मुंबईची बोट धरली. सामान, पुस्तकं दुसऱ्या बोटीनं पाठवलेली. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्या बोटीला पाणबुडीनं बुडवलं. माणूस मुंबईच्या धक्क्याला लागला आणि त्याचे ग्रंथ समुद्राच्या तळाला गेले. त्या पेट्या इथं आल्या असत्या तर कुणाच्या तरी पाठीवरून उतरल्या असत्या. माझ्यासारख्याच कुणाच्या तरी. त्या हमालाला पेटीत काय आहे ते वाचता आलं नसतं. मला येतं. शंभर वर्षांत एवढा फरक पडलाय आणि तो त्या बुडालेल्या पेट्यांच्या मालकानं पाडलाय.

दहावी झालो आणि मुंबईला आलो. ठेकेदाराकडं रोजावर. कायम कामगारांची पिढी निवृत्त होत आली, आता आम्ही ठेक्यावरचे. लोखंडाच्या कॉइल, गोण्या, पाट्या. बोट उशिरा लागली की बसून राहायचं, त्या बसण्याचे पैसे नाहीत. त्या बिनपैशाच्या वेळात मी वाचतो. पुस्तकं फोर्टातल्या फूटपाथवरची, नाहीतर रद्दीतली. फूटपाथवाला पुस्तकं उंचीनं लावतो, विषयानं नाही. त्याच्याकडं शेअरबाजार, कामसूत्र आणि मार्क्स खांद्याला खांदा लावून उभे असतात. आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्क. तिथले पुस्तकांचे गाळे बघा. रात्रभर जनरल डब्यात उभी राहून आलेली बाई भाकरी सोडायच्या आधी पुस्तक विकत घेते. असा वाचक दुसऱ्या कुठल्या समाजात आहे ते दाखवा. पण तिच्या नातीसाठी तिथं विज्ञानाची गोष्ट असते का, परग्रहाची गोष्ट असते का? शोधावी लागते. हे मी प्रकाशकांना नाही, आपल्यालाच विचारतोय.

सिनेमा आणि पुस्तक ह्यांत भिंत घालणारेही भेटतात. पुस्तक म्हणजे संस्कार, सिनेमा म्हणजे नाद. त्यांना अण्णाभाऊ साठे माहीत नाहीत. शाळेत दीड दिवस गेलेला वाटेगावचा पोरगा पायी मुंबईला आला आणि दुकानाच्या पाट्या, सिनेमाच्या जाहिराती वाचत वाचत अक्षर शिकला. सिनेमाचं पोस्टर ही त्याची अंकलिपी. त्यानं तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत शौर्यकथा आहे, प्रेमकथा आहे, तमाशातल्या बाईची कथा आहे. शाहिरी केली, लोकनाट्यं लिहिली, १९६१ साली रशियाला जाऊन आला तर प्रवासवर्णन लिहिलं. 'वैजयंता'वर १९६१ साली सिनेमा निघाला, 'फकिरा'वर १९६३ साली. आणि 'फकिरा' ही कादंबरी अर्पण केलीय बाबासाहेबांच्या लेखणीला. ह्या माणसाला कोणत्या फळीवर ठेवाल? समीक्षक म्हणाले, हे लोकप्रिय आहे, वाङ्मय नव्हे. म्हणजे लोकांनी वाचलं हाच गुन्हा.

आता गोदीतले सिनेमे. १९७५ चा 'दीवार' आमच्याकडं सगळ्यांना पाठ. बिल्ला नंबर ७८६. हप्ता मागणाऱ्यांना गोदाम आतून बंद करून मारणारा विजय. सलीम-जावेदनं लिहिलेला. बघताना छाती फुगते. पण जरा थांबून बघा. अर्ध्या सिनेमाच्या आत विजय गोदी सोडतो, सूट घालतो, स्मगलर होतो. बाकीचे हमाल कुठं गेले? ते पडद्यावरून उतरले आणि आमच्यासोबत पाळीवर आले.

मग मी १९५४ चा 'ऑन द वॉटरफ्रंट' बघितला, मोबाईलवर, गोण्यांच्या थप्पीला टेकून. अमेरिकेतली गोदी. मुकादम शिट्टी मारतो, माणसं कामासाठी एकमेकांच्या अंगावर पडतात. हे मी ओळखतो. मार्लन ब्रँडो गुंडांच्या युनियनविरुद्ध साक्ष देतो. पुढं कळलं की दिग्दर्शक एलिया कझाननं स्वतः १९५२ साली अमेरिकी संसदेच्या समितीसमोर आपल्या जुन्या कम्युनिस्ट साथीदारांची नावं सांगितली होती. म्हणजे साक्ष देणाऱ्याला हिरो करण्यात त्याचा स्वतःचा हिशोब होता. सिनेमा जबरदस्त आहे आणि त्यात हा हिशोबही आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवता येतात. हे मला कुठल्या अभ्यासवर्गानं शिकवलं नाही, एका सिनेमानं शिकवलं.

आणि मग उस्मान सेंबेन सापडला. सेनेगलचा, जन्म १९२३. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सला गेला आणि गोदी कामगार झाला. कुठं? त्याच मार्सेय बंदरात, जिथून बाबासाहेबांनी बोट धरली होती. तिथं युनियनमध्ये वाचायला शिकला, पाठीला दुखापत झाली, लिहायला लागला. १९५६ साली पहिली कादंबरी आली, तिच्या नावाचा अर्थ 'काळा गोदी कामगार'. १९६० साली रेल्वे कामगारांच्या संपावर मोठी कादंबरी. नाव झालं. पण ह्या माणसानं बघितलं की मी ज्यांच्यावर लिहितो त्यांना फ्रेंच वाचता येत नाही. मग चाळिशीला टेकलेला हा लेखक मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकला. १९६३ साली त्यानं वीसेक मिनिटांचा 'बोरोम सारेत' काढला. डाकार शहरातला एक गाडीवाला, घोड्याची गाडी. साहेबांच्या वस्तीत गाडी न्यायला बंदी, तो गिऱ्हाइकासाठी नेतो आणि पोलीस त्याची गाडी जप्त करतो. बस, एवढाच. माझ्या टोळीतल्या पाच जणांनी तो एका मोबाईलवर बघितला. भाषा एकालाही कळली नाही. गाडी जप्त झाली तेव्हा एक जण शिव्या द्यायला लागला. त्याची हातगाडी महापालिकेनं नेलेली होती.

आम्हाला आमच्यावरच्याच कथा वाचा म्हणता ना? घ्या. डाकारची ही कथा आमच्यावरचीच आहे. पण ती 'आमच्या' फळीवर कधीच नव्हती.

कुणी विचारेल, बाबा रे, जागतिक सिनेमा ठीक, पण रहस्यकथेनं कोणती क्रांती होते? सांगतो. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, छोटू, झुंजार, काळा पहाड. मला मिळालेल्या पहिल्या पुस्तकाला कव्हर नव्हतं आणि शेवटची सोळा पानं नव्हती. खुनी कोण, ते मलाच ठरवायचं होतं. तीन दिवस मी मागची पानं चाळत होतो. कोण कुठं होता, दार कुणी उघडलं, घड्याळात किती वाजले होते.

ती सवय कामाला आली. आमच्याकडच्या एका गावात आपल्या पोराला चावडीसमोर जातीवरून शिव्या देऊन मारलं. पोलिसांच्या पंचनाम्यात जागा लिहिली होती, 'फिर्यादीच्या घरात'. वाचणाऱ्याला वाटेल, एवढ्याशा फरकानं काय होतं? अॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा. जातीवरून अपमान झाला हे कलम लागायचं तर तो लोकांच्या नजरेसमोर व्हावा लागतो. चार भिंतींच्या आत झाला म्हटलं की कलम ढिलं पडतं. म्हणजे एका ओळीत केसचा खून. आम्ही चार पोरं कागद घेऊन बसलो. चप्पल चावडीजवळ सापडली असं त्याच पंचनाम्यात खाली लिहिलेलं. मारलं घरात आणि चप्पल उडाली चावडीला? पंच कोण, ते राहतात कुठं, त्या वेळी होते कुठं? वकिलांना हे दाखवलं, त्यांनी पुरवणी जबाब नोंदवून घ्यायला लावला. केस चालू आहे. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, पण अॅट्रॉसिटी कायद्याखाली नाही. जिथं कागदावरची एक ओळ न्याय गिळते, तिथं आपल्या प्रत्येक पोराला डिटेक्टिव्हसारखं वाचता आलं पाहिजे. आता म्हणा, अर्नाळकर वेळखाऊ.

भुतांचंही तसंच. लहानपणापासून आम्हाला सांगितलं की भूत असतं मसणवट्यात, म्हणजे आमच्या वस्तीकडं. नारायण धारपांची भयकथा वाचली आणि २०१८ चा 'तुंबाड' बघितला, ज्यात धारपांच्या कथेचा धागा आहे. तिथं राक्षस कुठं आहे? वाड्यात. बामणाच्या वाड्याच्या पोटात, सोन्याच्या हावेत. अंधारात बसून मी हसलो. इतकी वर्षं आम्हाला चुकीच्या दिशेला घाबरायला लावलं होतं.

विज्ञानकथेचं ऐका. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' ह्या टोपणनावानं. आपल्या मोठ्या नावाचा परीक्षकांवर दाब पडू नये म्हणून. प्रामाणिक माणूस. पण मला बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' आठवली, १९६३ ची. एक जण नाव लपवतो कारण नाव त्याला फुकट वर नेईल. एक जण लपवतो कारण नाव त्याला खोली मिळू देणार नाही. ही दोन पुस्तकं वेगवेगळ्या फळ्यांवर असतात. ती एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय हा देश कळत नाही.

आणि पोरींना तर ही फळीसुद्धा अर्धीच मिळते. 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे दुकानातल्या रद्दीचे कागद वाचायच्या आणि लिहिलेलं घरात लपवून ठेवायच्या. पुस्तक आलं १९८६ साली. वीस-वीस वर्षं लपवावं लागलं ते परक्यांपासून नाही, घरच्यांपासून. माझ्या बहिणीच्या हातातली प्रेमकथा हिसकावणारा भाऊ आणि ओसरीवरच्या कपाटाची चावी ठेवणारा पुढारी ह्यांच्यात मला फार फरक दिसत नाही. २०१६ साली 'सैराट'ला सगळा महाराष्ट्र लोटला. आर्ची बुलेट चालवते तिथं पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग घरातल्या आर्चीला वाचू द्या की.

सगळं वाचा म्हणजे सगळं गिळा असं मी म्हणत नाही. माल उतरवताना आम्ही नग मोजतो, फुटका बाजूला काढतो. तसंच वाचावं. कथेत भांडी घासणारी बाई कोण आहे, तिला आडनाव आहे का? सिनेमात हिरोच्या घरी कुणाच्या तसबिरी आहेत? आम्ही येतो तेव्हा फक्त रडायला आणि मरायला येतो का? 'फँड्री'तल्या जब्यानं शेवटी दगड भिरकावला तो थेट बघणाऱ्याच्या अंगावर. असा दगड खिशात ठेवूनच थिएटरात बसावं. पण बसावं.

मग करायचं काय? माझ्याकडं तीन गोष्टी आहेत. एक, आपल्या प्रत्येक विहारात एक कपाट, त्याला कुलूप नाही. त्यात बुद्ध, फुले, बाबासाहेब असणारच. त्यांच्याच शेजारी भुतं, चोर, रॉकेटं, प्रियकर, नकाशे. दोन, महिन्यातून एका रविवारी पांढरी चादर बांधून सिनेमा. आज चॅप्लिन, पुढच्या खेपेला सेंबेन, मग 'कोर्ट', मग एखादा फक्कड मारामारीचा. संपल्यावर अर्धा तास भांडण, त्यात बायकांनी आधी बोलायचं. तीन, लिहा. आपला डिटेक्टिव्ह कुठाय? आपलं भूत कुठाय? मंगळावर उतरलेली आपली पोरगी कुठाय? आम्ही दुःखच लिहावं असा करार कुणी केलाय आणि सही कुणाची आहे त्याच्यावर?

आमच्याच जिल्ह्यातलं नरसी हे नामदेवांचं गाव म्हणतात. शिंप्याचा पोर. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. सातशे वर्षांपूर्वी ह्या काळ्या मातीतून निघालेला शब्द पंजाबात पोचला, दुसऱ्यांच्या ग्रंथात बसला आणि तिथं मान मिळवला. त्याला कुणी फळी विचारली नव्हती.

आम्हालाही विचारू नका. कपाटं उघडी ठेवा, आम्ही येतोय. हात माल उतरवून मळलेले असतील, पानांवर डाग पडतील. पडू द्या.

जय भीम.